भिंतीवरचे चार आठ

मार्च २०१४. इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी रंगाने लिहिलं होतं: ८.८.८.८. ना घोषणा, ना शिवी. गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता!

२० मार्चच्या रात्री तुर्कस्तानात ट्विटर बंद झालं. सुरुवातीची युक्ती सोपी होती. ट्विटरचं नाव विचारलं की इंटरनेट कंपनीच्या डीएनएसने भलताच पत्ता द्यायचा. घराला कुलूप लावायची गरजच नाही, पत्ता सांगणारा नाक्यावरचा पानवाला फितवला की झालं. मग लोक म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या पानवाल्याला विचारू. म्हणून ते चार आठ.

पण २९ मार्चला गूगलने जाहीर केलं की बहुतेक तुर्की कंपन्यांनी त्यांच्या डीएनएसचं सोंग घेणारे सर्व्हर उभे केलेत. पाटी दुसऱ्या पानवाल्याची, आत माणूस आपलाच!

हे जमलं कसं? मुळं १९८३ मध्ये आहेत. तोवर सगळ्या मशिन्सची नावं एकाच फाइलमध्ये असायची, आणि एलिझाबेथ फाइनलर यांची कॅलिफोर्नियातली टीम ती सांभाळायची. ते झेपेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं. नेटवर्क छोटं, संशोधकांचं. त्यामुळे प्रश्न जायचा उघड्या पोस्टकार्डासारखा आणि उत्तरावर सही-शिक्का काही नाही. वाटेत बसलेला कुणीही ते वाचू शकतो, बदलू शकतो. (सही-शिक्क्याची सोय नंतर आली, पण सगळीकडे वापरात नाही.)

म्हणजे राउटरमध्ये नुसता डीएनएसचा नंबर बदलून भागत नाही, प्रश्न कुठल्या वाटेने जातो तेही बघावं लागतं. सायमन केली यांच्या डीएनएसमास्कमध्ये, जे कितीतरी घरगुती राउटरमध्ये असतं, अमुक डोमेनसाठी अमुक सर्व्हर, तोही अमुक इंटरफेसवरून, असं एका ओळीत लिहिता येतं. ऑफिसची नावं व्हीपीएनमधून, बाकीची घरच्या लाइनवरून. सगळंच बोगद्यातून विचारायचा मोह मात्र टाळावा. बोगद्याचं दुसरं टोक सिंगापूरला असेल, तर तिथल्या डीएनएसला व्हिडिओचा सर्व्हरही बऱ्याचदा तिथलाच जवळ वाटतो, आणि आपण पुण्यात बसून बफरिंग बघतो.

पोस्टकार्डाला पाकीट मिळालं ते उशिरा. टीएलएसवरून डीएनएस २०१६ मध्ये, एचटीटीपीएसवरून २०१८ मध्ये. तुर्कस्तानात न्यायालयाच्या निकालानंतर ३ एप्रिल २०१४ ला ट्विटर सुरू झालं. २७ मार्चला बंद केलेलं यूट्यूब मात्र जूनपर्यंत बंदच होतं.