बिऱ्हाडकरूंचे चित्रपट

मी काही चित्रपटांचा जाणकार नव्हे. वर्षाकाठी चार-पाच पाहणार, तेही आता घरी टीव्हीवर. पूर्वी गुहागरहून चिपळूण गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. पण इतक्या वर्षांत एक मत पक्कं झालंय, ते आज मांडतो. विनोदी चित्रपट म्हणजे करमणूक आणि मुलांच्या मोठं होण्याचे चित्रपट म्हणजे संस्कार, अशी वाटणी आपण करून टाकलेली असते. मला मात्र दोन्हींत एकच काळजी दिसते, राहायचं कुठे?

विनोदाची सुरुवात काही जागेच्या चणचणीतून झाली नाही. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त अत्रे आणि मास्टर विनायक यांनी ब्रह्मचर्याच्या व्रताची टर उडवली. १९७१ च्या 'सोंगाड्या'त दादा कोंडक्यांचा भाबडा नाम्या तमाशाच्या नादी लागला. मग १९८८ साली आला 'अशी ही बनवाबनवी'! मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'ची, पण सचिन पिळगावकर आणि वसंत सबनीस यांनी ती अशी काही पुण्यात आणून बसवली की परकी वाटतच नाही. चार सडे तरुण, घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोघे लुगडं नेसतात. पोट धरून हसलो आपण सगळे.

पण ही मालकीण इतकी अडून का बसते? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली आणि एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढणं महाकठीण झालं. मग मालक पारखून घेणारच. नोकरीसाठी गेलेल्या पोराला ना ओळख, ना बायको. आमच्याकडची पोरं मुंबईला गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहिली, पाळ्या लावून झोपली. त्यांना ह्या चित्रपटातलं खोटं बोलणं काही फार खोटं वाटलं नसेल. डोहाळजेवण जरा ताणलंय, हे मान्य. पण त्या काळातल्या शहरी जगण्याबद्दल तो कित्येक गंभीर चित्रपटांपेक्षा खरं बोलतो, असं माझं स्पष्ट मत आहे. 'नुसता हसण्यावारी न्यायचा सिनेमा' म्हणणाऱ्या आमच्या नातेवाईकांनी कृपया नोंद घ्यावी.

आता दुसरीकडे वळू. अत्र्यांचाच 'श्यामची आई' १९५३ चा. त्याला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका, त्यातलंच साने गुरुजींचं पालगड. आई रडवते, म्हणून आपण आईवरच थांबतो. पण त्या कथेच्या तळाशी कर्ज आहे, सावकार आहे, हातचं जाणारं घर आहे. श्याम मोठा होतो तो आईच्या शिकवणीने, आणि तितकाच दारिद्र्याने. शाळेसाठी त्याला आईपासून लांब परक्या ठिकाणी राहावं लागतं, हे कसं विसरायचं?

तेच सुवर्णपदक मराठीला पुन्हा मिळायला पन्नास वर्षं जावी लागली. २००४ च्या 'श्वास'मध्ये कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतो, तेव्हा त्या पोराचं जग दोन डोळ्यांएवढंच उरलेलं असतं. २००२ च्या 'दहावी फ'मधल्या पोरांना शाळेत जागा होती, पण शेवटच्या तुकडीत. ज्यांनी शिकवलंय त्यांना त्या 'फ'चं वजन ठाऊक आहे! 'शाळा' (२०१२) गोड आहे, त्याबद्दल बरंच लिहून झालंय. त्याच सुजय डहाके यांनी २०२३ साली 'श्यामची आई' पुन्हा केला, कृष्णधवल. तो जरूर पाहा, मात्र जुन्याशी तुलना करत बसू नका.

माझा सगळ्यात आवडता 'किल्ला' (२०१५), अविनाश अरुण यांचा. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षकमंडळाने त्याला स्फटिक अस्वल दिलं. वडील गेलेत, आईची बदली झालीय, आणि पुण्यातला हुशार चिन्मय कोकणातल्या पावसात येऊन पडतो. किल्ल्यावर मित्र त्याला एकटा सोडून निघून जातात, तो प्रसंग पाहताना मला वर्गात मधेच दाखल झालेली बदलीवाल्यांची मुलं आठवली. जूनमध्ये शेवटच्या बाकावर गप्प बसणारी, दिवाळीपर्यंत आपली 'काय रे, खंय चाललास' अशी भाषा उचलणारी. इथे कुणी कुणाला उपदेश करत नाही. आई स्वतःच भांबावलेली आहे.

आणि चिन्मयचं जरा कुठे जमायला लागतं, तोच आईच्या पुढच्या बदलीचा कागद येतो.