एफएफटी आणि सास्तूरची पहाट

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरमध्येही दगडमातीची माळवदं झोपलेल्यांवर कोसळली.

सिग्नल प्रोसेसिंगच्या पहिल्या पुस्तकातला एफएफटी आपण परीक्षेपुरता पाठ करतो. कूली आणि टुकी यांनी तो १९६५ साली मांडला. त्यामागचा एक प्रश्न असा होता : दूरवर जमीन हलली, तर तो भूकंप की अणुचाचणी?

जमिनीची हालचाल सेकंदाला ठरावीक वेळा मोजायची, हे सॅम्पलिंग. त्या आकड्यांत मंद कंपनं किती, वेगवान किती, हे एफएफटी झटपट सांगतो. भूकंप आधी कळत नाही. पण कुठलं घर कुठल्या कंपनाला जास्त हलेल, हे यातून कळतं. मग सूत्र नुसतं पाठ कशाला करायचं?