जेट इंजिनातील फिरते सील : धातूवरचा ताण न वाढवता ते बसवण्याचे तंत्र

१२ मार्च २०१८ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोची आठ आणि गोएअरची तीन अशी अकरा ए-३२० निओ विमाने उड्डाणापासून रोखली. त्या दिवशी अनेक प्रवाशांची उड्डाणे रद्द झाली. या निर्णयामागे इंजिनातील एक भाग होता. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या पीडब्ल्यू-११०० मालिकेतील काही इंजिनांत उच्चदाब कॉम्प्रेसरच्या मागील हबवरचे ‘नाइफ एज सील’, म्हणजे सुरीच्या धारेसारख्या कडांचे सील, सदोष ठरले होते. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने ९ फेब्रुवारीलाच याविषयी तातडीचा आदेश काढला होता. २०१७ च्या मध्यापासून बसवण्यात येऊ लागलेल्या या सीलची रचना टिकाऊपणा वाढवण्यासाठी बदललेली होती. पुढे कंपनीला आधीच्या, अनुभवसिद्ध रचनेकडे परतावे लागले. फिरत्या भागावर सील बसवणे हे किती नाजूक काम आहे, याचा प्रत्यय या घटनेने दिला.

सीलचे कार्य

जेट इंजिनात कॉम्प्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते आणि त्या तप्त वायूवर टर्बाइन फिरते. दाबलेल्या हवेचा सुमारे पाचवा हिस्सा ज्वलनात न वापरता टर्बाइनची पाती व डिस्क थंड ठेवण्यासाठी आणि बेअरिंगभोवतीचे तेल रोखण्यासाठी वळवला जातो. ही हवा वाटेत गळाली तर इंधन वाया जाते. तप्त वायू डिस्कपर्यंत पोहोचला तर डिस्कचे आयुष्यच धोक्यात येते.

फिरता भाग आणि स्थिर भाग एकमेकांना टेकू शकत नाहीत. त्यांच्यात फट ठेवावीच लागते. ती फट हवेसाठी दुर्गम करण्याचे काम लॅबिरिंथ सील करते. फिरत्या कड्यावर एकामागून एक पातळ धारा असतात आणि समोर स्थिर बाजूस मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी किंवा सहज झिजणारे अस्तर असते. प्रत्येक धारेपाशी हवेचा दाब थोडा उतरतो, पुढच्या पोकळीत तिचा वेग भोवऱ्यांत विरतो आणि गळती कमी होत जाते. ही कल्पना वाफेच्या टर्बाइनपासून चालत आलेली आहे.

ताण कोठून येतो?

पन्नास सेंटिमीटर व्यासाचे कडे मिनिटाला सुमारे साडेअकरा हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला ३०० मीटर होतो. त्या परिघावरच्या दहा ग्रॅम धातूवर बाहेर खेचणारे बल साडेतीनशे किलोग्रॅम वजनाहूनही अधिक असते. कड्यातील परिघीय ताण म्हणजे धातूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. निकेल मिश्रधातूसाठी हा आकडा सुमारे ७४० मेगापास्कल येतो. सील अजून कोठे जोडलेलेही नसताना केवळ फिरण्यामुळे इतका ताण निर्माण होतो. जोडणीतून येणारा प्रत्येक जादा ताण या मूळ आकड्यावर चढतो.

इंजिन सुरू होते, वेग घेते आणि थांबते. या प्रत्येक उड्डाणचक्रात धातू ताणला जाऊन पुन्हा सैल पडतो. अशा हजारो चक्रांनी धातूला थकवा येतो आणि सर्वांत जास्त ताणाच्या जागी भेग जन्मते. म्हणूनच डिस्कचे आयुष्य वर्षांऐवजी उड्डाणचक्रांत मोजतात. ताण थोडा वाढला तरी आयुष्य त्याच्या कितीतरी पट घटते.

जोडणीच्या तीन वाटा

पहिली वाट धारा डिस्कमधूनच कोरण्याची. यात जोडच नसल्याने जोडणीचा ताणही नाही. मात्र धार स्थिर अस्तरावर घासली की घर्षणाच्या उष्णतेने तिच्यावर बारीक भेगा पडतात आणि त्या आत सरकत डिस्कपर्यंत जाऊ शकतात. एका धारेपायी महागडी डिस्क बाद करण्याची वेळ येते. धारांच्या टोकांवर सिरॅमिकचा लेप देऊन हा धोका कमी करतात.

दुसरी वाट वेगळे कडे तयार करून बोल्टने आवळण्याची. झिजलेले कडे सहज बदलता येते, परंतु बोल्टसाठी भोके पाडावी लागतात. एकाच दिशेने ताणलेल्या पत्र्यातील लहान गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे स्थापत्य व यंत्रशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. भोक पाडताना ड्रिल तापले तर धातूची अंतर्गत रचनाही बिघडते. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील पेन्साकोला येथे डेल्टा कंपनीच्या एमडी-८८ विमानाचे एक इंजिन उड्डाणासाठी धावतानाच फुटले आणि दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. पंख्याच्या हबमधील एका भोकात यंत्रणाच्या वेळी झालेली इजा हे भेगेचे मूळ असल्याचे तपासात निष्पन्न झाले. म्हणून भोके डिस्कच्या मुख्य अंगात न पाडता ताण कमी असलेल्या बाहेरच्या फ्लँजवर नेतात, दोन भोकांमधला धातू अर्धवर्तुळाकार कोरून काढतात आणि कडा काळजीपूर्वक गोल करतात.

तिसरी वाट बोल्टविना जोडणीची. यात कडे घट्ट मापाने खांद्यावर बसवतात आणि ते पुढेमागे सरकू नये म्हणून खाचांत अडकणारे दाते किंवा चिरलेली रिंग वापरतात. येथे खरा प्रश्न कोणता भाग किती फुगतो हा असतो. वर सांगितलेले कडे मोकळे फिरले तर त्याचा व्यास सुमारे पावणेदोन मिलिमीटरने वाढेल. मध्यभागी जाड असलेली डिस्क तेवढी फुगत नाही. त्यामुळे कडे डिस्कच्या खांद्याबाहेरून बसवले, तर वेग वाढताच ते सैल पडते. ते सैल पडू नये म्हणून आधीच फार घट्ट बसवले, तर इंजिन थांबलेले असतानाही कड्यात ताण राहतो. उलट कडे डिस्कच्या ओठाच्या आतून बसवले, तर वेगाबरोबर ते आपोआप ओठावर घट्ट दाबले जाते आणि सुरुवातीची घट्ट पकड कमी ठेवता येते. मात्र कड्याचा भार त्या ओठावर येतो. म्हणून कडे शक्य तितके हलके, ओठ पुरेसा जाड आणि कोपरे मोठ्या गोलाईचे ठेवतात.

यात तापमानाची गुंतागुंतही मिसळते. पातळ कडे लवकर तापते व लवकर निवते, तर जाड डिस्क मागे राहते. म्हणून संपूर्ण उड्डाणचक्राचा हिशेब मांडूनच पकड ठरवावी लागते. फार पातळ कडे हवेच्या लहरींनी थरथरूही शकते. त्यावर उपाय म्हणून आत कंपनशोषक रिंग बसवतात.

कारखान्यातील शिस्त

घट्ट मापाचे भाग हातोड्याने किंवा थंड अवस्थेत जोर लावून बसवले, तर पृष्ठभाग खरवडतो आणि तो ओरखडाच पुढे भेगेचे बीज ठरतो. म्हणून बाहेरचा भाग भट्टीत समान तापवतात किंवा आतला भाग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने थंड करतात. निकेल मिश्रधातूचे पन्नास सेंटिमीटरचे कडे १५० अंशांनी तापवले, तर व्यासात जवळपास एक मिलिमीटरची सैल जागा मिळते. तेवढ्या जागेत भाग अलगद बसतात. तापमान समान झाल्यावर डायल गेजने कडे समकेंद्री फिरते का ते पाहतात आणि शेवटी संपूर्ण रोटरचा समतोल साधतात. दुरुस्तीसाठी इंजिन उघडले, की प्रकाशमान द्रवाच्या चाचणीने बारीक भेगा शोधतात.

ही विद्या आता दूरदेशीची राहिलेली नाही. जुलै २०२२ मध्ये हैदराबाद येथे सफ्रान कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. लीप इंजिनाच्या टर्बाइनची फिरती सील तेथे तयार होतात. बेळगाव जिल्ह्यातील हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातही विमानांचे सुटे भाग घडतात. मिलिमीटरच्या शतांशात मोजली जाणारी मापे पाळणे आणि एकही ओरखडा न राहू देणे ही तेथील कारागिरांची रोजची जबाबदारी आहे. आकाशातील प्रवाशांची सुरक्षितता त्या मापांवरही अवलंबून असते.