वाघोली ते गोंदिया : मूल्यवर्धनाची वाटचाल

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी कंपली आणि लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागातील हजारो संसार उद्ध्वस्त झाले. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने तेव्हा सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसनाचा प्रकल्प उभा राहिला. अन्न, वस्त्र, पुस्तके दानातून मिळू शकतात. परंतु खचलेल्या बालमनाला धीर देणे, त्याला इतरांत मिसळण्याचे बळ देणे, हे पावती फाडून होणारे काम नव्हे.

पुढे २००९ मध्ये मुथ्थाजींच्या पुढाकाराने बीड जिल्ह्यातील ५०० प्राथमिक शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. जैन समाजातील धुरीणाने आरंभिलेल्या या कार्याचा पाया कोणताही धर्मग्रंथ नसून भारताचे संविधान आहे. स्वातंत्र्य, समता, न्याय आणि बंधुता ही मूल्ये सर्व घरच्या मुलांना सारखीच आपली वाटतात. तथापि दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय अनेकान्ताच्या उपासकांना परकी वाटू नये!

सुविचार फळ्यावर लिहून स्वभाव बदलत नाही, हे जुन्या परिपाठाने दाखवूनच दिले होते. मूल्यवर्धनात मुले जोडीने चर्चा करतात, लहान गटांत काम करतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवितात. राग आला असता काय करावे, नवा सवंगडी एकटा बसला असता काय करावे, हे कृतीतून उमगते. गुरुजी स्वतः ओरडत असतील तर मात्र सारेच व्यर्थ. म्हणून सर्वांत कठीण परीक्षा शिक्षकांचीच.

२०१५-१६ पासून शासनाच्या सहकार्याने हा उपक्रम ३४ जिल्ह्यांतील निवडक तालुक्यांत पोहोचला आणि पुढे राज्यभरातील जिल्हा परिषद शाळांत विस्तारला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हाही त्यात आला. घरी गोंडी, पोवारी, छत्तीसगढी अथवा हिंदी बोलणारी बालके येथे एकाच वर्गात मराठीतून शिकतात. सालेकसा-देवरीकडील लहान शाळांत दोनच शिक्षक अनेक वर्ग सांभाळतात. पहिलीच्या अबोल मुलाला जोडीदार मिळतो तो बहुधा अशाच वर्गात, चौथीच्या ताईच्या शेजारी.