लुचणं, जीभ आणि जिभेखालचा पडदा

तान्ह्या बाळाच्या दूध पिण्याला मराठीत एक खास शब्द आहे – लुचणे. आपण पाणी पितो, उसाचं कांडं चोखतो, चटणी चाटतो. पण आईच्या अंगावर बाळ लुचतं. हे लुचणं मुख्यतः जिभेचं काम आहे. आमच्या इथे नव्या मुंबईत हल्ली नव्या आयांच्या तोंडी 'टंग-टाय' हा शब्द ऐकू येतो, आणि आमच्या वयाच्या बायका म्हणतात, "हे काय नवीनच खूळ?"

खूळ नवीन नाही. जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा प्रत्येकालाच असतो. काही बाळांचा तो आखूड किंवा घट्ट असतो, मग जीभ पुढे येत नाही, नीट उचलत नाही. १६०१ साली फ्रान्सचा राजपुत्र (पुढचा राजा तेरावा लुई) जन्मला तेव्हा त्याला दूध ओढता येईना. दोनच दिवसांनी गिमो नावाच्या शल्यवैद्याने त्याचा हा पडदा कापला. राजवैद्य एरोआर याच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. गंमत म्हणजे हा राजा पुढे बोलताना अडखळायचाच! दूध ओढणं आणि अडखळत बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी.

आपल्याकडे जिभेचं कौतुक काय कमी? जातकर्मात बाळाला सोन्याने मध-तूप चाटवायचं. (आता डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका म्हणतात, ते ऐकावं.) पण हे सारं कौतुक जिभेच्या वरच्या बाजूचं. जिभेखाली डोकावायचं क्वचितच कुणाला सुचे. बाळ लुचेना की बोंडलं काढायचं आणि वरचं दूध घालायचं. वर शेरा ठरलेला, "हिला दूधच नाही." बोंडल्याने कित्येक बाळं जगली हे खरं, पण बोल मात्र आईच्या वाट्याला आला.

बाळ दूध कसं ओढतं याचा शोध तसा अलीकडचा. १९५८ साली इंग्लंडमध्ये क्ष-किरणांच्या चलच्चित्रांवरून असं मांडलं गेलं की जीभ दूध दाबून, पिळून काढते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात डोना गेडिस यांनी अल्ट्रासाउंडने पाहिलं, तेव्हा दिसलं की जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दूध येतं. म्हणजे जीभ खाली-वर होणं महत्त्वाचं, आणि पडदा घट्ट असेल तर अडतं ते इथे.

मधल्या काळात बाटली आणि डब्याचं दूध आलं. बाळ लुचेना, तर बाटली तयार! मग जीभ तपासतो कोण? आपल्या महाराष्ट्रात वारं फिरलं त्याच्या काही खुणा सांगते. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या 'बीपीएनआय' या संस्थेची स्थापना झाली. १९९२ मध्ये डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा आला. अंगावर पाजण्याला पुन्हा मान मिळाला, तसं "हे बाळ का लुचत नाही?" हेही नीट विचारलं जाऊ लागलं.

पण आता लंबक दुसरीकडे जातोय की काय, अशी शंका येते. पडदा दिसला की काप! २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या तपासल्या. पडदा कापल्यावर आईच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी झाल्या, पण बाळाच्या पिण्यात नक्की फरक पडतो असं ठामपणे दिसलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की असा पडदा असलेल्या बाळांपैकी निम्म्यांहून कमी बाळांना पिताना अडचण येते. म्हणून आधी बाळ कसं धरलंय, तोंडात नुसतं टोक जातंय की आजूबाजूचा भागही, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावं. त्याने भागलं नाही आणि डॉक्टरांना जीभच अडतेय असं वाटलं, तर कापायलाही भिऊ नये.

आणि आज्यांना, मावश्यांना, म्हणजे आपल्यालाच, एक विनंती. बाळ रडलं की "दूध पुरत नाही वाटतं" हे वाक्य गिळून टाकायचं. तेवढी आपली जीभ आपल्या ताब्यात आहे!