काशीच्या घाटांवरून पायी

श्रोतेहो, काशी जुनी किती? बुद्धाच्या काळीही ती नावाजलेली नगरी होती, एवढे म्हटले तरी पुरे. पण तिथे गेलात तर हे जुनेपण दगडांत शोधू नका. नदीकाठचे पुष्कळसे बांधकाम दोन-अडीचशे वर्षांचेच आहे, आणि त्यातले बरेचसे मराठी मुलखातल्या पैशाने उभे राहिलेले!

चला, ब्रह्माघाटापासून निघू. सकाळीच निघावे, उन्हे चढली की पायऱ्या तापतात. हा ब्रह्माघाट आणि शेजारचा दुर्गाघाट म्हणजे मराठी घराण्यांची जुनी वस्ती. पेशव्यांना पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात इथे नांदले. पण आपले लोक त्याच्याही आधी आलेले. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला येऊन राहिले. त्यांच्याच वंशातले गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. म्हणजे ही वाट काही एकेरी नव्हती.

पुढे पंचगंगा घाट. इथली दगडी दीपमाळ अहिल्याबाईंची म्हणून सांगतात. एकनाथांचे भागवत १५७३ साली पुरे झाले ते याच काशीत. संस्कृत पंडितांच्या गावात मराठी ग्रंथ! त्या काळी ही काही लहान गोष्ट नव्हे.

नागपूरकर भोसल्यांचा घाट ओलांडला की शिंदे घाट लागतो. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी तो एवढा भारी बांधला, की काठाला ते ओझे पेलवेना. घाट खचला, पुन्हा बांधावा लागला. जवळचे रत्नेश्वराचे देऊळ आजही कललेलेच आहे.

मणिकर्णिकेवर चिता जळत असतात. तिथे रेंगाळू नये. आत वळले की विश्वेश्वर. १६६९ साली औरंगजेबाच्या हुकुमाने देऊळ पाडले गेले; आजचे देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधविले. भोवतीच्या अरुंद बोळांतली पुष्कळ घरे पाडून २०२१ साली घाटापर्यंत रुंद वाट काढली. यात्रेकरूंची सोय झाली, नाही असे नाही. पण बोळ गेले ते गेलेच.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या मात्र अजून आहेत. तुमचे कोणी पणजोबा काशीस गेले असतील, तर गावाचे नि आडनावाचे नाव सांगून विचारा. कदाचित त्यांच्या हातची मोडी सही निघेल.