यवन : अर्थ आणि वापर

'यवन' म्हटले की आज अनेकांच्या डोळ्यांसमोर परका, चाल करून आलेला शत्रू उभा राहतो. बखरींत आणि जुन्या मराठी ग्रंथांत हा शब्द मुसलमान सत्ताधीशांसाठी येतो. आज तो शेजारी राहणाऱ्या मुसलमानांनाही चिकटवला जातो. बौद्ध वाङ्मय आणि लेणी या शब्दाची वेगळी ओळख देतात.

मूळ अर्थ : आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनिया हा ग्रीकांचा प्रदेश. त्यावरून पालीत 'योन' आणि संस्कृतात 'यवन' हे शब्द रूढ झाले. म्हणजे यवन हे मूळचे ग्रीक. तेव्हा इस्लाम धर्म अजून उदयाला यायचा होता.

पाली वाङ्मयात : मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध योन आणि कंबोज देशांचा दाखला देतात. तिथे मालक आणि दास असे दोनच वर्ण असून मालकाचा दास व दासाचा मालक होऊ शकतो. चातुर्वर्ण्य सर्वत्र नाही, हे सांगायला तथागतांनी यवनांचेच उदाहरण घेतले. महावंसानुसार सम्राट अशोकाच्या काळी अपरान्तात, म्हणजे कोकणासह पश्चिम किनाऱ्यावर, धम्म घेऊन आलेले भिक्खू योन धम्मरक्खित होते. 'मिलिंदपञ्ह'मधील राजा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचेच नाव दिले.

लेण्यांत : नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत हा शब्द दोन्ही अर्थांनी भेटतो. लेणे क्रमांक ३ मधील गौतमी बलश्रीचा शिलालेख आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव शक, यवन आणि पल्हवांचा संहारक म्हणून करतो. त्याच डोंगरावरील लेणे क्रमांक १७ मात्र धम्मदेवाचा पुत्र, यवन इंद्राग्निदत्त याने आईवडिलांसाठी कोरवून भिक्खूसंघाला दान दिले. कार्ले आणि जुन्नर येथेही यवन दात्यांचे लेख आहेत.

वापर : राजाच्या प्रशस्तीत यवन हा शत्रू आहे, संघाच्या दानलेखात तो उपासक आहे. संघाने दात्याचे कूळ विचारून दान नाकारले नाही. म्हणून आपण हा शब्द प्राचीन ग्रीकांपुरताच वापरावा असे आम्हाला वाटते. आजच्या कोणत्याही समाजाला तो शिवीसारखा लावणे इतिहासाला धरून नाही आणि धम्मालाही नाही. त्रिरश्मीला जाल तेव्हा दोन्ही शिलालेख आवर्जून पाहा, सोबतच्यांनाही दाखवा.